नादाराची गाडी

शाळेत असताना मला अर्धी नादारी होती. वडिलांच्या उत्पन्नाचा मामलेदार कचेरीतला दाखला दरवर्षी जून महिन्यात मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवावयाचा, त्यांनी तो चष्म्याच्या वरून एकदा आणि चष्म्यातून एकदा असा दोनदा वाचावयाचा, आणि मग निम्मी फी माफ झाल्याचे वर्तमान साऱ्या वर्गास ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करावयाचे, हा क्रम पाच वर्षे अव्याहत चालला. पूर्ण नादारीचा योग मात्र तेव्हा आला नाही. त्याकरिता मला पुढे सातासमुद्रांपलीकडे न्यू जर्सी संस्थानात यावे लागले, तेथे मिसळीचे उपाहारगृह काढावे लागले, आणि काढल्यावर ते चालवावेही लागले.

ते का बुडाले याची मीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या महाराष्ट्र मंडळातील जाणकारांच्या मते रस्सा सपक होता, त्या भागात टपाल वाटणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या मते तो प्राणघातक होता, आणि जागामालकाच्या मते रश्शाचा या प्रकरणी काही संबंध नसून करारनाम्यावर जामीनदार म्हणून माझी सही होती एवढाच मुद्दा प्रस्तुत होता. अखेर एके दिवशी ओक ट्री रोडवरील किराणा दुकानात तूरडाळ, पोहे आणि गुळाची ढेप घेऊन मी रांगेच्या अग्रभागी पोहोचलो असता, माझ्या पाकिटातील पाचही क्रेडिट कार्डे एकामागून एक यंत्रात सारून पाहण्यात आली, आणि प्रत्येक खेपेस गल्ल्यावरील मुलीने ‘कार्ड चालत नाही, अंकल’ हे वाक्य उत्तरोत्तर वाढत्या करुणेने उच्चारले. माझ्या मागे मंडळाचे माजी कोषाध्यक्ष हातात पालकाची जुडी धरून उभे होते. ते छताकडे पाहत होते.

त्या रात्री मी वकीलबाईंना फोन केला.

आपल्याकडे दिवाळे काढणे या क्रियेस पूर्वी एक प्रकारचा सोहळ्याचा थाट असे म्हणतात. पेढी बुडाली की सावकाराने गादी उलटी करावयाची, भर दुपारी दाराशी दिवा लावावयाचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने काय ते समजावयाचे. त्या दिव्यावरूनच दिवाळे हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती सांगतात. इटलीतील सराफांची बैठकीची बाके अशा प्रसंगी मोडून टाकीत आणि त्यावरून इंग्रजी शब्द सिद्ध झाला, अशीही कथा आहे. अमेरिकेने दिवाही लावला नाही आणि बाकही मोडले नाही; तिने या विषयास थेट राज्यघटनेत स्थान दिले. तेथील विधिमंडळाचे अधिकार ज्या कलमात मोजले आहेत, त्यात कर्ज काढण्याचा अधिकार दुसऱ्या क्रमांकावर, दिवाळ्याचे कायदे करण्याचा चौथ्या आणि नाणी पाडण्याचा पाचव्या क्रमांकावर आहे. आधी कर्ज, मग दिवाळे आणि सरतेशेवटी पैसा, हा अनुक्रम वाचला तेव्हा आपण या देशात येऊन योग्य तेच केले, असे मला प्रथमच वाटले.

१९७८ च्या दिवाळखोरी संहितेतील सातव्या प्रकरणाखाली अर्ज करावयाचा, असे ठरले. अर्जाची फी ३३८ डॉलर आहे. आपल्याजवळ काहीही उरलेले नाही असे जो शपथेवर सांगणार, त्याच्याकडून ती आगाऊ मागण्यात थोडी विसंगती आहे हे कायदेकर्त्यांच्याही ध्यानी आले असावे, कारण ती हप्त्यांनी भरण्याची मुभा आहे. म्हणजे कर्जमुक्तीदेखील उधारीवर मिळू शकते. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने ऋणकोस दोन शिकवण्या सक्तीच्या केल्या आहेत: अर्जापूर्वी एक आणि अर्जानंतर एक. दुसरीत पैशाचे व्यवस्थापन शिकवितात. जमाखर्च कसा मांडावा, अनावश्यक खर्च कोणता, बचत म्हणजे काय, अशी प्रश्नोत्तरे मी संगणकावर सोडविली आणि उत्तम प्रकारे उत्तीर्ण झालो. पोहण्याचा सिद्धान्त बुडालेल्याइतका चांगला कोणास कळणार?

पुण्याला सदाशिव पेठेत आमचे काका आहेत. त्यांच्यापासून काही लपविणे शक्य नव्हते, कारण माजी कोषाध्यक्षांची बहीण त्यांच्याच वाड्यात राहते.

“काय रे, दिवाळं काढलंस म्हणे?”

“हो काका. पण इथं त्यात तसं काही मानत नाहीत. मोठमोठ्या माणसांनी काढलंय.”

उदाहरण म्हणून मी मार्क ट्वेनचे नाव सांगितले, आणि ते उगाच सांगितले नाही. ग्रंथकार असूनही त्याने छापखान्याच्या धंद्यात उडी घेतली. टंक जुळविणाऱ्या एका यंत्रापायी त्याची पुंजी गेली, आणि १८९४ मध्ये त्याची प्रकाशनाची पेढी बुडाली. कायद्याने त्यास सारे देणे फेडण्याची सक्ती नव्हती. तरी तो जगभर व्याख्याने देत निघाला, १८९६ च्या जानेवारीत मुंबईस येऊन वॉटसनच्या हॉटेलात उतरला, आणि १८९८ पर्यंत त्याने पैन् पै चुकती केली. काकांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“मग तूही ये. वसंत व्याख्यानमालेत बघतो कुणाशी बोलून. विषय काय देऊ? मिसळ का दिवाळं?”

आता गाडीकडे वळतो. आमच्या दारात चार दारांची एक करड्या रंगाची गाडी उभी होती आणि ती आमची नव्हती. तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने, ज्यास इकडची मराठी माणसे ‘लीज’ म्हणतात, ती घेतलेली होती. दरमहा ठराविक रक्कम द्यावयाची, वर्षाकाठी १२ हजार मैलांच्या आत फिरावयाचे, आणि मुदत संपताच गाडी जशी नेली तशी परत द्यावयाची. कन्यादानाच्या नेमका उलट असा हा विधी आहे. पट्ट्याची चौदा महिन्यांची मुदत शिल्लक असता दिवाळ्याचा प्रसंग ओढवला. आम्ही राहतो तेथे पादचाऱ्याकरिता केलेली फरसबंद वाट शेजाऱ्याच्या कुंपणापाशी काहीही कारण न देता संपते, आणि मला नुकतीच मिळालेली गोदामातील हिशेबनिसाची नोकरी तेथून वीस मैलांवर होती. तेव्हा बाकी काहीही जावो, गाडी राहिली पाहिजे, असा ठराव आमच्या स्वयंपाकघरात एकमताने संमत झाला.

न्यायालयात द्यावयाच्या फर्दी पाहून मात्र मी थक्क झालो. मालमत्तेच्या फर्दीत भांडीकुंडी, कपडे, पुस्तके, दागिने यांचे रकाने आहेत, कुत्री, मांजरे, पक्षी आणि घोडे यांनाही स्वतंत्र रकाना आहे. हिचे मंगळसूत्र, माझे घड्याळ आणि माळ्यावरचा पाटा-वरवंटा मी तेथे प्रामाणिकपणे नोंदविला. भाड्याच्या गाडीची मात्र तेथे नुसती नोंद करून भागत नव्हते. ती निराळ्या फर्दीत, अपूर्ण राहिलेल्या करारांच्या आणि न संपलेल्या पट्ट्यांच्या यादीतही जाऊन बसली. म्हणजे जी वस्तू दारात ढळढळीत दिसत होती ती करार ठरली, आणि गेल्या दहा वर्षांत ज्याचे कोणी दर्शन घेतले नव्हते तो पाटा-वरवंटा मालमत्ता ठरला. यानंतर इराद्याचे निवेदन म्हणून एक कागद येतो. त्यात प्रत्येक भाड्याच्या वस्तूपुढे एकच प्रश्न विचारलेला असतो: पट्टा स्वीकारणार काय? होय किंवा नाही. आयुष्यात इतका स्पष्ट प्रश्न मला लग्नातदेखील कोणी विचारला नव्हता. मी ‘होय’वर खूण केली.

पण नुसत्या माझ्या होकाराने भागत नाही. ऋणकोची सर्व इस्टेट ज्याच्या स्वाधीन होते तो न्यायालयाचा विश्वस्त, त्यास पट्टा स्वीकारण्याचा पहिला मान असतो, आणि साठ दिवसांत त्याने तो स्वीकारला नाही तर नाकारला असे समजण्यात येते. विश्वस्ताने मला संगणकाच्या पडद्यावर सात मिनिटे प्रश्न विचारले. त्या सभेस धनकोंची सभा म्हणतात. धनको एकही आला नव्हता. गाडी भाड्याची आहे असे ऐकताच त्याच्या मुद्रेवरील उरलासुरला रस मावळला, कारण विकून पैसे करता येतील असे तिच्यात काही नव्हते. तो उठल्यावर माझी पाळी: मी कंपनीस लेखी कळवावयाचे की पट्टा स्वीकारण्याची माझी इच्छा आहे, कंपनीने, तिची मर्जी असेल तर, कळवावयाचे की तिची हरकत नाही, आणि मग तीस दिवसांच्या आत मी पुन्हा लेखी कळवावयाचे की स्वीकारला. मागणी, पसंती आणि याद्या, असा हा त्रिविध संस्कार संहितेच्या ३६५ व्या कलमात सविस्तर वर्णिला आहे.

याहून जालीम असा आणखी एक दस्तऐवज असतो. त्यावर सही केली की जुनी जबाबदारी नव्याने, जणू दिवाळे निघालेच नाही अशा थाटात, ऋणकोच्या मानेवर बसते. नुसत्या पट्टास्वीकाराने माणूस बांधला जातो किंवा त्यास याही दस्तऐवजाची जोड लागते, याविषयी न्यायाधीशांत मतभेद आहेत. पश्चिम किनाऱ्याकडील अपील न्यायालयाने २०२० मध्ये स्वीकार पुरेसा असल्याचा निर्वाळा दिला. वकीलबाईंनी मला त्या दुसऱ्या कागदावर सही करू दिली नाही. “आत्ताच सुटलात, लगेच परत कशाला अडकता?” असे त्या म्हणाल्या. त्या सल्ल्याची किंमत मला पुढे कळली.

मधल्या काळात एक विलक्षण शांतता पसरली होती. अर्ज दाखल होताक्षणी वसुलीस मनाई करणारा हुकूम आपोआप अमलात येतो, आणि ज्या फोनने आमची वामकुक्षी गेले सहा महिने नासविली होती, तो एका दुपारी मुका झाला. लहानपणी मुंबईस मामांच्या चाळीत दर महिन्याच्या पगाराला व्याजाच्या वसुलीसाठी पठाण काठी आपटीत येई, आणि ज्याच्या दाराशी तो थांबे तो गृहस्थ हमखास संडासात असे. तेव्हा एवढ्या एका कागदाने पठाण थांबवता येतो हे त्या चाळीस ठाऊक असते, तर तिच्या इतिहासास निराळे वळण लागले असते. परंतु ही मनाई इतकी कडक असते की माझ्या गाडीची कंपनीही भयभीत झाली. मासिक बिल येणे बंद झाले. संकेतस्थळावरील माझे खाते कुलूपबंद झाले. बँकेतून आपोआप वळता होणारा हप्ता परस्पर थांबला. निरुपायाने मी फोन केला.

“मला या महिन्याचा हप्ता भरायचाय.”

“आपण दिवाळखोरीचा अर्ज केलाय असं आमच्या दप्तरी दिसतं,” पलीकडून एक मंजुळ आवाज म्हणाला. “त्यामुळे आम्ही आपल्याकडून वसुलीचा प्रयत्न करू शकत नाही.”

“तुम्ही नका करू. प्रयत्न मी करतो. किती झालेत तेवढं सांगा.”

“रकमेचा आकडा सांगितला तर तो वसुलीचा प्रयत्न समजला जाण्याचा संभव आहे.”

“आकडा मला पाठ आहे. कुठं पाठवू ते सांगा.”

यावर मला वीस मिनिटे संगीत ऐकविण्यात आले, आणि नंतर दिवाळखोरी विभागातील एका पोक्त आवाजाने, आपण हे केवळ माहितीसाठी सांगत असून कोणत्याही देण्याची मागणी करीत नाही अशी प्रस्तावना करून, एक पत्ता उच्चारला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी धनादेश लिहून, पाकिटात घालून, टपालपेटीत टाकीत असे. पावती येत नसे. धनादेश मात्र वटत असे. देवळाच्या दानपेटीत काही टाकताना निदान गुरव तरी पाहत असतो.

आणि येथे मी पतनोंदणीकडे येतो. अमेरिकेत माणसाची पत तीन खाजगी पेढ्या आपल्या खतावण्यांत लिहून ठेवतात, आणि त्या नोंदींवरून ३०० पासून ८५० पर्यंत गुण देतात. माझे ५११ भरले. हा आकडा काकांना सांगावा की न सांगावा, याचा मी पुष्कळ विचार केला.

“साडेआठशेपैकी पाचशे अकरा?” क्षणभर त्यांनी मनात हिशेब केला. “म्हणजे साठ टक्के. अरे, प्रथम वर्ग की रे!”

तीनशे गुण कोरी उत्तरपत्रिका दिली तरी मिळतात, हे मी त्यांना सांगितले नाही.

या धंद्याच्या उगमाचा वृत्तान्त मोठा बोधप्रद आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कमधील रेशमाच्या ज्या पेढ्यांनी हात वर केले, त्यांतील एकीत लुइस टॅपन नावाचे गृहस्थ भागीदार होते. गुलामगिरीविरुद्ध झगडलेला हा कर्मठ पुरुष. त्याने चार वर्षांनी, १८४१ मध्ये, गावोगावच्या व्यापाऱ्यांची पत कशी आहे याची माहिती गोळा करून विकणारी संस्था काढली. स्वतःची पेढी कशी बुडते हे ज्याने जवळून पाहिले, त्यालाच इतरांच्या पेढ्यांकडे लक्ष ठेवण्याची बुद्धी सुचली, आणि ती बुद्धी त्याच्या वारसांनी आजतागायत जपली आहे. १९७० च्या कायद्याने या खतावण्यांना काही शिस्त लावली: दिवाळ्याची नोंद दहा वर्षांपर्यंत ठेवता येते, हप्ता चुकणे आदिकरून इतर काळिमा सात वर्षांपर्यंत. आपल्या सावकाराचा भर दुपारचा दिवा तेल संपले की विझत असे. माझा दिवा पुरी दहा वर्षे जळणार आणि त्याचे तेल मी घालावयाचे नाही, एवढाच काय तो दिलासा.

न्यायालयाचा मुक्तिपत्राचा हुकूम आला, आणि चार महिन्यांनी मी तिन्ही खतावण्यांचे उतारे मागविले. उतारे फुकट मिळतात. पहिल्या उताऱ्यात माझी गाडी दिवाळ्यात समाविष्ट झाली असून बाकी शून्य होती. दुसऱ्यात ती कंपनीने जप्त करून नेलेली होती. तिसऱ्यात मी सलग चार महिने हप्ता चुकविलेला होता. हे तीन उतारे मी ज्या गाडीत बसून वाचले तीच ही गाडी. खिडकीतून बाहेर पाहून, आपण नक्की आत आहोत ना, याची मी खात्री करून घेतली. एका सातबारावर तीन तलाठ्यांनी तीन मालक लावल्याचे मी ऐकले होते. पण मालक जमिनीवर उभा असता जमीनच नाही, असे लिहिण्याचे धैर्य आमच्या मुलखात कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मी तक्रारी धाडल्या. साधारणपणे तीस दिवसांत चौकशी करण्याचे बंधन या पेढ्यांवर आहे, आणि त्यांनी ती केली: म्हणजे माझी तक्रार गाडीच्या कंपनीस पाठवून, तुमचे म्हणणे खरे आहे काय, असे तिलाच विचारले. कंपनीने खरे असल्याचे कळविले. मी पुन्हा लिहिले. या वेळी मुक्तिपत्र, पट्टास्वीकाराचे कागद, वटलेल्या धनादेशांच्या नकला आणि, काकांच्या सूचनेवरून, त्या दिवशीच्या वृत्तपत्राचा अंक शेजारी घेऊन दारात उभ्या असलेल्या गाडीचे छायाचित्र जोडले. तेव्हा जप्ती गेली आणि चुकलेले हप्तेही गेले. तिन्ही उतारे एका बोलीने बोलू लागले: दिवाळ्यात समाविष्ट, बाकी शून्य.

“आणि मी भरतोय त्या हप्त्यांचं काय?” मी वकीलबाईंना विचारले.

“ते नाही दिसणार. त्या दुसऱ्या कागदावर सही केली असतीत, तर बहुधा नोंदवले असते.”

म्हणजे सही केली असती तर गळ्यात धोंड होती पण पुण्य जमेस लागत होते. सही न केल्यामुळे मान मोकळी राहिली, आणि दरमहा पहिल्या तारखेस वेळेवर भरलेली रक्कम चित्रगुप्ताच्या वहीबाहेर पडू लागली. पाप तेवढे ठळक शाईने लिहिलेले. गुप्तदानाचे फल अनंतपटीने मिळते असे आजी सांगत असे, पण तिच्या काळी गाड्या नव्हत्या. ही म्हणाली, “अहो, मग एखादा महिना नाही भरला तर तेही दिसायचं नाही का?” हा प्रश्न मी वकीलबाईंपर्यंत नेला नाही. पट्टा मी स्वीकारलेला होता; आणि शिवाय गोदाम वीस मैलांवर होते.

खतावण्या काहीही म्हणोत, बाजार मला विसरला नव्हता. मुक्तिपत्रानंतर आठवडाभरात टपालपेटी अभिनंदनाच्या पत्रांनी भरून वाहू लागली. आपणास नवी गाडी कर्जाने देण्यास आम्ही उत्सुक आहोत, आपला नवा प्रारंभ साजरा करा, असा त्यांचा मथळा असे. व्याजाचा दर तळाशी, मुंगीस वाचता येईल अशा अक्षरात. माझ्यासारख्या शाबित दिवाळखोरावर हा लोभ का, हे प्रथम उमगेना. मग कळले की एकदा सातव्या प्रकरणातून सुटलेल्या माणसास त्याच प्रकरणातून पुन्हा सुटण्याकरिता आठ वर्षे थांबावे लागते. तोवर त्याने पळून जावयाचे म्हटले तरी ते दार बंद असते, आणि शिवाय जुने देणे बहुतेक नसते. इतका निर्दोष ऋणको दुसरा कोठे मिळणार? दामदुपटीचा आपला जुना नियम, मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेऊ नये हा, त्या पत्रांच्या लेखकांना कोणीतरी कळवावयास हवा.

मी ती पत्रे रद्दीत टाकली आणि त्याऐवजी ३०० डॉलर अनामत ठेवून ३०० डॉलरांची मर्यादा असलेले एक कार्ड मिळविले. आपलेच पैसे आपणच उसने घेऊन वेळेवर फेडावयाचे असा हा खेळ आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याची नोंद तिन्ही खतावण्यांत होते. दरमहा मी त्यावर पालकाची एक जुडी घेत असे.

यथाकाल पट्ट्याची मुदत भरली. ३६ हजार मैलांची परवानगी असता मी २९ हजार चाललो होतो. उरलेले सात हजार परत मिळत नाहीत. गाडी सोपविण्यापूर्वी तिची तपासणी करण्यास कंपनीच्या वतीने एक तरुण घरी आला. त्याने टायर पाहिले, काचा पाहिल्या, गादीवरील डाग पाहिले (रश्शाचा कट वर्षानुवर्षे टिकतो), आणि मग मागच्या डाव्या दाराशी तो गुडघे टेकून बसला. उपाहारगृह बंद केले त्या दिवशी सामान हलविताना रश्शाचा मोठा टोप तेथे आदळून पोचा पडला होता. माझ्या छातीत धस्स झाले.

“क्रेडिट कार्डाहून मोठा असेल तर दंड,” तो म्हणाला. “लहान असला तर झीज म्हणून माफ.” एवढे बोलून त्याने मापाची पट्टी शोधण्यासाठी खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, गाडीत जाऊन आला, आणि ओशाळून विचारले, “आपल्याजवळ एखादं क्रेडिट कार्ड आहे का?”

मी पाकिटातून ते ३०० डॉलरांचे कार्ड काढून त्याच्या हाती दिले. त्याने ते पोच्यावर आडवे धरले. वरची कड उघडी राहिली. मग उभे धरले, अंगठ्याने किंचित डावीकडे सरकविले, एक डोळा मिटून पाहिले. पोचा संपूर्ण झाकला गेला. तरुणाने कागदावर खूण केली, कार्ड शर्टाला पुसून अदबीने परत केले, आणि दाराच्या चौकटीत हात पुशीत उभी असलेली ही मला म्हणाली, “चाललं की हो कार्ड!”